पाटीखालची बारीक अक्षरं

वकील शोधायचा तर लोक चारचौघांना विचारतात. पाटीवालीला तीही सोय नव्हती. तिने सकाळी चौघांना विचारलं असतं, तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं आणि संध्याकाळी नवऱ्याने विचारलं असतं, "काय गं, वकील कशाला हवाय?" मग उत्तर द्यावं लागलं असतं. तेच तर तिला अकरा वर्षं जमलं नव्हतं. म्हणून तिने आपल्या धंद्याची रीत वापरायचं ठरवलं. माणूस ओळखायचा तो पाटीवरून.

गावातल्या निम्म्याअधिक पाट्या तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या हातच्या होत्या. लोक त्यांना पाटीवाला आणि पाटीवालीच म्हणत, नावं कुणाला आठवत नसत. तीस वर्षं दोघं एकाच दुकानात एकाच फळीवर काम करत आले होते आणि कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. वरचं नाव तो रंगवायचा, हातभर उंचीच्या अक्षरांत, रस्त्यापलीकडून दिसेल असं. खालचं सगळं तिचं. पदव्या, भेटायच्या वेळा, फोन नंबर, 'जिना मागच्या बाजूने'. मोठं अक्षर माणसाला थांबवतं, पण आत जायचं की नाही हे बारीक अक्षर ठरवतं, असं तिचं म्हणणं होतं. त्याचं म्हणणं काय होतं ते त्याने बोलून दाखवून पुष्कळ वर्षं झाली होती.

तसं लोकांना सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती. नवरा पीत नव्हता, हात उगारत नव्हता, बाहेर कुठे काही भानगड नव्हती. फक्त घरातलं बोलणं संपलं होतं. लेक शिकायला परगावी गेली आणि जाताना जणू सगळे शब्द पेटीत भरून घेऊन गेली. उरले ते मापाचे. 'अर्धा इंच वर घे.' 'निळा संपला.' 'कडा ओली आहे, हात लावू नकोस.' एवढ्यावर त्यांचा संसार अकरा वर्षं चालला होता. भांडायलासुद्धा थोडी हौस लागते, ती कुणालाच राहिली नव्हती. पाटीवाली दमली होती. सकाळी उठल्या उठल्या दमलेली असायची आणि आपण कशाने दमलो हे तिला कुणाला सांगता येत नव्हतं.

मग ती निघून का गेली नाही? तर त्याच्या डोळ्यांपायी. रस्त्यापलीकडची पाटी केसभर तिरकी झाली तर त्याला दिसे, पण हातातला कागद दिसत नसे. चष्म्यावर चष्मे झाले, डॉक्टर झाले, बारीक अक्षर काही त्याच्या नजरेत बसेना. आलेलं टपाल ती फोडायची आणि वाचून दाखवायची. औषधाच्या पट्टीवरचं नाव, रंगाच्या डब्यावरची सूचना, लेकीचा निरोप, सगळं तीच वाचायची. कुठे सही करायची असली की ती रेघेवर बोट ठेवायची आणि तो बोटाच्या वर सही करायचा. आपण गेलो तर हा माणूस डोळ्यांत घालायचं औषध कानात घालेल, ही भीती तिला अकरा वर्षं दारातून मागे ओढत होती.

पण आता धाकट्या बहिणीने निकराचं सांगितलं होतं. तिच्या घरामागची खोली रिकामी झाली होती. पूर्वेला खिडकी, खिडकीशी टेबल मावेल एवढी जागा. "ताई, महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांग. नाहीतर मी भाडेकरू ठेवते. खोली काही तुझ्या मनासारखी रिकामी ठेवता येत नाही मला." बहिणीची जीभ तिखट, पण मन साफ. पाटीवालीने त्या टेबलावर बसून घरांच्या दारांवरच्या छोट्या पाट्या रंगवताना स्वतःला इतक्यांदा पाहिलं होतं की खिडकीतलं ऊन कुठवर येतं तेही तिला पाठ झालं होतं.

आता फक्त सांगायचं राहिलं होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. म्हणून वकील. तिला कायदा नको होता, बोलणारा माणूस हवा होता. त्याने नोटीस पाठवावी, त्या नोटिशीने नवऱ्याला सांगावं, आणि आपल्याला त्याच्या तोंडाकडे पाहावं लागू नये. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याचाच प्रकार होता हा, तिलाही ते कळत होतं. पण तिचा स्वतःचा खांदा कधीच निकामी झाला होता.

गावात वकील पाच. त्यातल्या चौघांच्या पाट्या यांनी रंगवलेल्या. पाचवी नवीन होती, बेकरीच्या माडीवर बसायची आणि तिची पाटी प्लॅस्टिकची होती, छापलेली. पाटीवालीने तिला विचारातच घेतलं नाही. जिला अक्षर रंगवून घ्यावंसं वाटत नाही, तिच्या हातात आपला संसार कोण देईल?

पहिले होते 'साडेतीन ओळी'. नावाखाली इतक्या पदव्या की त्या साडेतीन ओळी भरल्या होत्या, म्हणून नवराबायकोने त्यांना दिलेलं हे नाव. त्यांच्या खोलीत पुस्तकांची कपाटं होती आणि काचा इतक्या स्वच्छ की पुस्तकं बाहेर काढली जात नसावीत. तिने बसून घसा साफ केला.

"साहेब, मला नवऱ्यापासून मोकळं व्हायचंय."

साडेतीन ओळींनी पेन ठेवलं. चेहरा असा झाला की जणू तिने त्यांनाच नोटीस दिली.

"बाई, मला तुमचं काम घेता येणार नाही."

"का हो?"

"तेही सांगता येणार नाही. चहा घेता का?"

चहा न घेता ती जिना उतरली. खाली पाटीपाशी थांबून तिने वर पाहिलं. तिसऱ्या ओळीत रंगाचा एक ओघळ राहून गेला होता, बारा वर्षांपूर्वीचा. त्याचाच राग धरला असेल, असं तिने ठरवलं. कारागिराला जग रुसलं तरी आपल्याच कामातली चूक आठवते.

दुसऱ्या दिवशी 'सोनेरी'. यांना नाव सोनेरी रंगातच हवं होतं, आणि त्यांचा टेबलावरचा टाचण्यांचा डबासुद्धा सोनेरी होता. सोनेरींनी तिला पुरतं बसूही दिलं नाही. "माफ करा, जमणार नाही. का ते विचारू नका." तिला वाटलं, हा नवऱ्याच्या ओळखीचा म्हणून टाळतोय. तिसऱ्यांकडे तर कारकुनानेच अडवलं. तिचं आणि नवऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहून तो आत गेला आणि चिठ्ठी तशीच परत घेऊन आला. "साहेब नाही म्हणालेत. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घ्यायलासुद्धा ताकद लागते. पाटीवाली रस्त्याच्या कडेला एका बाकावर बसली आणि चपलेतून बोटं बाहेर काढून पाहत राहिली. तीन दिवस, तीन जिने, तीन नकार. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपल्याला तर वकिलाच्या पायरीवरूनच परत धाडताहेत, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडण्याऐवजी जांभई आली.

चौथे होते 'बिनवेळेचे'. म्हातारे गृहस्थ. पाटीवर भेटायची वेळ लिहूच नका, म्हणाले होते, कारण अडलेला माणूस घड्याळ बघून येत नाही. त्या एका वाक्यामुळे ती त्यांना मानायची आणि खरं तर म्हणूनच त्यांना शेवटी ठेवलं होतं. ते खुर्ची उन्हात ओढून संत्रं सोलत बसले होते.

"तुम्हीही नाहीच म्हणणार ना?" तिने उभ्या उभ्याच विचारलं.

"हो, बाई. नाहीच म्हणणार." त्यांनी अर्धं संत्रं तिच्यापुढे धरलं. "बसा. एक सांगतो. ही तुमची गोष्ट नाही, आमच्या धंद्याची रीत आहे. वकील एका बाजूचं ऐकून बसला की दुसऱ्या बाजूचं काम घेत नाही. आणि कोण आलं होतं, काय म्हणालं, हे त्याला मेला तरी सांगता येत नाही. म्हणून कारण न देता नाही म्हणणारा वकील भेटला, तर त्याच्यावर चिडू नये. घरी जाऊन विचार करावा."

तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली. ती खाऊन होईपर्यंत तिला कळलं होतं.

नवरा चौघांकडे येऊन गेला होता.

ती परत निघाली. तिला चार दुपारी आठवल्या, अकरा वर्षांत विखुरलेल्या. "साडेतीन ओळींची पाटी तिरकी झालीय, सरळ करून येतो," म्हणून तो गेला होता. मग एकदा सोनेरींची. मग तिसऱ्यांची. गेल्या वर्षी या म्हाताऱ्याची. चारही वेळा तो तासतासभराने आला होता आणि चारही वेळा पातळी बघायची लेव्हल दुकानात खिळ्याला लटकलेली होती. लेव्हल न घेता हा पाटी कशी सरळ करतो, हा प्रश्न तिला त्याच वेळी पडला होता. पण विचारायचं तर बोलावं लागलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

बेकरीच्या माडीवरची प्लॅस्टिकची पाटी तिने नाइलाजाने गाठली. वकीलबाई तिच्या लेकीच्या वयाची होती. खोलीत पावाचा वास होता आणि खालच्या भट्टीची ऊब फरशीतून पायांना लागत होती. वकीलबाईने आधी दोघांची नावं विचारली, वहीत पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे. तुमच्याकडचं कुणी माझ्याकडे आलेलं नाही. बोला."

बोला म्हटल्यावर पाटीवाली बोलली. सगळं बोलली. लेव्हलपर्यंत आली तेव्हा वकीलबाईची पेन्सिल थांबली.

"एक विचारू? काही माणसं हे मुद्दाम करतात. गावातल्या सगळ्या वकिलांना आपली कहाणी ऐकवून ठेवतात, म्हणजे बायकोला कुणी मिळू नये. तुमचे मिस्टर तसे आहेत का?"

"चार दिवसांत केलं असतं तर तसे म्हटलं असतं," पाटीवाली म्हणाली. "अकरा वर्षं लावली त्यांनी. ते काहीही करायला वेळ घेतात." पण मनात कुठेतरी तिलाही ते चावलं. तसेच असतील तर? आपण ज्याच्या औषधाची काळजी करत बसलो, तो आपले रस्ते एकेक करून बंद करत होता की काय?

"मग नोटीस पाठवू?" वकीलबाईने विचारलं. "पत्ता दुकानाचा की घराचा?"

"एकच आहे."

"टपाल कोण घेतं?"

पाटीवालीचं बोट स्वतःकडे वळलं. टपाल ती घ्यायची. ती फोडायची. त्याला समोर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची. म्हणजे तिने वकील लावून, टपालखर्च करून, आपलीच नोटीस आपल्याच तोंडाने नवऱ्याला ऐकवायची होती. तिला हसू आलं. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि वकीलबाईने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"नोटीस राहू द्या," शेवटी वकीलबाई म्हणाली. "दोघांची संमती असेल तर एकच अर्ज पुरतो. मी लिहून देते. घरी न्या. त्यांनी सही केली तर दोघं मिळून या. नाही केली तर तुम्ही एकट्या या, मग मी भांडते. काम मी घेतलं, एवढं नक्की."

ती दारात पोचली तेव्हा वकीलबाईने मागून विचारलं, "माझी पाटी वाईट आहे का हो? सगळे येताना तिच्याकडे बघून तोंड वाकडं करतात."

"वाईट आहे," पाटीवाली म्हणाली. "पण तुम्ही बऱ्या आहात."

दुकानात तो फळीपाशी उभा होता, एका औषधाच्या दुकानाचं नाव रंगवत. पाठमोरा. ब्रश खाली येताना तो श्वास रोखायचा, तसा रोखलेला होता. तीस वर्षांच्या सवयीने ती ओळ पुरी होईपर्यंत थांबली. मग तिने अर्ज फळीच्या कोरड्या टोकाला ठेवला.

"चौघांकडे जाऊन आले," ती म्हणाली. "चौघंही नाही म्हणाले."

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. वळायला त्याला वेळ लागला. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची लाज होती, पण तिला त्यात आणखी काहीतरी दिसलं. सुटल्यासारखं काहीतरी.

"मला अडवायला गेला होतात?" तिने विचारलं. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"तुला? छे गं." तो स्टुलावर बसला. "तूही जाशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा लेक नुकतीच गेली होती. म्हटलं, आता आपण दोघं एकमेकांना कशाला छळत बसायचं. साडेतीन ओळी म्हणाले, नोटीस धाडू. मी म्हटलं, टपाल तीच फोडते. तिच्याच हाताने फोडायला लावायचं? उठून आलो."

"आणि मग?"

"मग सोनेरी. त्यांना म्हटलं, हिला शिडीवर चक्कर येते. मी गेलो तर पाट्या कोण चढवणार? ते म्हणाले, हा कायद्याचा प्रश्न नाही." त्याने बोटांना लागलेला रंग खरवडला. "तिसऱ्यांनाही तेच विचारलं. म्हातारा तेवढा भला. त्याने संत्रं दिलं."

पाटीवाली खाली बसली. अकरा वर्षं! अकरा वर्षं ती त्याच्यासाठी थांबली होती आणि तो तिच्यासाठी. कुणीच कुणाला थांब म्हटलं नव्हतं. तिला राग आला, आणि राग यावा याचंच तिला नवल वाटलं. सोडून जायचं तर तिला होतं. मग तोही सोडून जायला निघाला होता हे ऐकून छातीत एवढं का दुखावं? पण दुखलं. आपण कुणाला नको आहोत हे कळायचं वय नसतं, ते कधीही कळलं तरी लागतं.

"मला शिडी लागणार नाही," ती म्हणाली. "धाकटीकडे खोली आहे. मी छोट्या पाट्या करीन, टेबलावर बसून."

"हं. चांगलं आहे."

"पण तुम्हाला कोण वाचून दाखवणार? औषधं, टपाल... त्याच विचाराने मी..."

तो खाली बघायला लागला. मग खिशातून मोबाइल काढला, रंगाच्या डब्यापुढे धरला आणि एक बटण दाबलं. मोबाइल घोगऱ्या आवाजात बोलू लागला, "वापरण्यापूर्वी चांगले ढवळा. मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नका."

"लेकीने हे वाचणारं ॲप घालून दिलंय," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? आणि रोज सकाळी मी ती पट्टी..."

"तुला वाईट वाटलं असतं."

दोन वर्षं रोज सकाळी तिने त्याला औषधाचं नाव वाचून दाखवलं होतं आणि त्याने रोज मान डोलावली होती. त्याच्याकडून झालेली ती शेवटची माया असावी. ती तिला मिळत होती आणि तिला कळली नव्हती.

त्याने अर्ज उचलला, लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. "कुणी लिहिला?"

"बेकरीवरच्या वकीलबाईने."

"प्लॅस्टिकवाली?" त्याच्या कपाळावर आठी आली. "पन्नासदा त्या जिन्यापर्यंत गेलो असेन. पाटी बघून परत फिरलो. तिच्या अक्षरांना काही कणाच नाही गं."

"मीसुद्धा," ती म्हणाली. दोघांनाही थोडं हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं होतं, आणि लगेच गेलंही.

त्याने अर्ज तिच्यापुढे धरला. "वाच."

"मोबाइल आहे ना?"

"आहे. तू वाच."

तिने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. दोघांची नावं, दोघांची वयं. दोघांचं लग्न कधी झालं. 'उभयतांना यापुढे एकत्र राहणे शक्य नाही' इथे ती थांबली. तो म्हणाला, "पुढे." ती पुढे वाचत गेली. औषध वाचताना वाचायची तितक्याच सावकाश तिने सगळं वाचलं, एकही शब्द न गाळता. तो ऐकत राहिला आणि नेहमीसारखी मान डोलावत राहिला.

"कुठे?" त्याने विचारलं.

तिने रेघेवर बोट ठेवलं. त्याने तिच्या बोटाच्या वर सही केली, मोठी, रस्त्यापलीकडून वाचता येईल अशी. तिच्या सहीची जागासुद्धा अर्धी त्यातच गेली. मग तिने पेन घेतलं आणि खाली उरलेल्या जागेत आपलं नाव लिहिलं, बारीक अक्षरांत.